सतरा टोप्या आणि एक

आबा गेले त्याच्या दहाव्याला आमच्या घरी सतरा टोप्या आल्या.

सोलापूरकडच्या गावांत ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. घरातलं कर्तं माणूस गेलं की दहाव्याला पाहुणे दुखवटा घेऊन येतात. बायकांना साडी किंवा ब्लाउजपीस, पुरुषांना टॉवेल आणि टोपी. टोपी म्हणजे पांढरी गांधी टोपी. येणारा प्रत्येक पाहुणा पप्पांच्या डोक्यावर एक टोपी ठेवायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा, क्षणभर थांबायचा. मग मागं बसलेले चुलते ती टोपी काढून पिशवीत टाकायचे, कारण पुढचा पाहुणा उभाच असायचा. संध्याकाळी आईनं मोजल्या. सतरा.

"एवढ्या टोप्यांचं करायचं काय?" मी विचारलं. आमच्या घरात आता टोपी घालणारं कुणीच उरलं नव्हतं.

"पुढं द्यायला लागत्यात की," आई म्हणाली. "लग्नात, दहाव्यात, सत्काराला." आणि तिनं त्यातली एक उचलून दाखवली. आतल्या पट्टीवर निळ्या पेनचा डाग होता. ती आमचीच होती. दोन वर्षांपूर्वी एका सोयऱ्यांकडच्या दहाव्याला आम्ही दिलेली. मधल्या काळात किती घरं फिरून आली कुणास ठाऊक, पण एकाही डोक्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त बसली नसणार.

मी कोडिंग करून पोट भरतो. जी गोष्ट सिस्टिममध्ये सतत फिरते पण कुणीच वापरत नाही, ती दिसली की आम्हाला प्रश्न पडतो: ही मुळात कुणी आणि कशासाठी बनवली होती? त्या प्रश्नामागं गेलो आणि वर्षभर तिथेच अडकलो.

टोपीकर

सुरुवातीलाच एक गंमत. अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांत 'टोपीकर' हा शब्द येतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त तो आहे. टोपीकर म्हणजे इंग्रज, पोर्तुगीज, डच, फ्रेंच, म्हणजेच हॅट घालणारे युरोपियन लोक. त्यांच्यापासून सावध राहा, हे व्यापारी दिसले तरी यांना राज्य हवं आहे, असा तिथला सूर आहे. म्हणजे टोपी ही तेव्हा परक्याची खूण होती. आपल्या माणसाच्या डोक्यावर पागोटं, पगडी, मुंडासं, फेटा.

आणि हे नुसते कपडे नव्हते, ते ओळखपत्र होतं. पगडीचा आकार, तिचा कोन, तिचा रंग यावरून समोरच्याची जात, प्रांत, धंदा कळायचा. ब्राह्मणी पगडी वेगळी, प्रभूंची वेगळी, शिंदेशाही वेगळी, शेतकऱ्याचं मुंडासं वेगळं. महात्मा फुले पागोट्यात दिसतात, टिळक पुणेरी पगडीत, आणि फोटो ओळखायला खाली नाव लागत नाही. आज आपण आडनाव विचारून जे काढून घेतो ते तेव्हा लांबूनच दिसायचं.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. साहेबाच्या संस्कृतीत आदर दाखवायचा तर डोक्यावरचं काढायचं. आपल्याकडे उलटं. बोडक्या डोक्यानं वडीलधाऱ्यांसमोर जाणं हा अपमान. पागोटं उतरवून कुणाच्या पायावर ठेवणं म्हणजे शरणागतीची शेवटची पायरी. इंग्रजांनी हे बरोबर ओळखलं होतं. त्यामुळे त्यांच्या कोर्टात, कचेरीत, दरबारात हिंदी माणसानं पगडी किंवा फेटा घालूनच यावं अशी अपेक्षा असायची. पगडी म्हणजे 'साहेब, मी माझ्या जागेवर आहे' असं सांगणं.

या व्यवस्थेत १९२० च्या आसपास एक साधी पांढरी टोपी घुसली.

डिझाईनचा निर्णय

गांधीजी १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतले तेव्हा काठियावाडी फेटा बांधायचे. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांनी डोक्यावर काय घालावं यावर बराच विचार केला. ही हकिकत आपल्यापर्यंत पोचली ती काकासाहेब कालेलकरांमुळे. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस गांधीजींच्या आश्रमात राहिला आणि गुजरातीतला मोठा लेखक झाला. गांधीजींनी त्यांना या टोपीमागचा विचार सांगितला होता. तो वाचताना मला एखाद्या डिझाईन रिव्ह्यूची आठवण झाली.

वेगवेगळ्या प्रांतांतली शिरोभूषणं त्यांनी पाहिली होती. फेट्याला कापड फार लागतं. गरीब देशात एका डोक्यासाठी एवढं कापड परवडत नाही. काश्मिरी टोपी त्यांना आवडली. हलकी, घडी घालून खिशात ठेवता येणारी, शिवायला सोपी. पण ती लोकरीची, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात निरुपयोगी. म्हणून आकार तो आणि कापड सुती. मग रंग कोणता? लोक म्हणणार, गडद रंग घ्या, मळ दिसत नाही. गांधीजींचं म्हणणं नेमकं उलटं होतं. पांढऱ्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो, म्हणून टोपी धुवावीच लागते, आणि म्हणून पांढराच हवा.

हे वाचून मी थांबलो होतो. चूक झाकली जाऊ नये, ती लगेच दिसावी, हे चांगल्या सिस्टिमचं लक्षण असतं असं आम्हाला शिकवतात.

(या टोपीचा उगम दक्षिण आफ्रिकेतल्या तुरुंगात कैद्यांना दिल्या जाणाऱ्या टोपीत आहे, असंही सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडून काढतातच असं नाही.)

मी स्वतः एक टोपी उसवून पाहिली. सतरांतलीच. दोन बाजूंच्या दोन लांब पट्ट्या, वर होडीच्या आकाराचा एक तुकडा, आतून अस्तर. सगळं मिळून पाव चौरस मीटरच्या आतबाहेर कापड. फेटा साधारण आठ-नऊ मीटर लांब आणि मीटरभर रुंद. ढोबळ हिशेबानं एका फेट्यात तीसेक डोकी झाकली जातात. शिवाय पगडी बांधायला कारागीर लागतो, ही टोपी घरातलं कुणीही शिवू शकतं. खादीची असेल तर सूतही घरचंच.

पण खरी करामत कापडात नव्हती. टोपी सगळ्यांची सारखी होती. घालणारा ब्राह्मण की मराठा, गुजराती की तेलुगू, वकील की हमाल, हे तिच्यावरून कळत नव्हतं. पगडी जे सांगायची ते या टोपीनं सांगायचं बंद केलं. त्याऐवजी ती एकच गोष्ट सांगायची: हा माणूस कुठल्या बाजूला आहे.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसनं असहकारावर शिक्कामोर्तब केलं. पगडीचा काळ आणि टोपीचा काळ यांच्यामध्ये एखादी रेघ ओढायची असेल तर मी ती या पाच महिन्यांत कुठंतरी ओढीन.

आणि स्वतः गांधीजी? त्यांनी ही टोपी जेमतेम दोनेक वर्षं घातली. २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत त्यांनी फक्त पंचा नेसायचं ठरवलं आणि टोपीही सोडली. नोटेवरचे गांधी बघा, डोकं उघडं आहे. ज्याच्या नावानं टोपी, त्याच्याच डोक्यावर ती नाही. तोवर ती लोकांची झाली होती.

राजानं टोपी घेतली

उंदराच्या टोपीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. उंदराला कापडाचा तुकडा सापडतो, तो धोब्याकडे जातो, शिंप्याकडे जातो, छान टोपी शिवून घेतो आणि ढोल वाजवत राजाच्या दारी जातो. राजा चिडून टोपी काढून घेतो. मला लहानपणी वाटायचं, राजाला उंदराच्या टोपीचं काय पडलंय?

इंग्रज सरकारला पडलं होतं. १९२१ मध्येच काही गोऱ्या मालकांनी ऑफिसात पांढरी टोपी घालायला बंदी केली. सरकारी नोकरांना ताकीद मिळाली. गांधीजींनी यावर लिहिताना रावणाच्या राज्याची उपमा दिली. तिथे विष्णूचं चित्र घरात ठेवणं गुन्हा होता, मग इथे पांढरी टोपी गुन्हा ठरली तर नवल काय, अशा अर्थाचं. १९२२ मध्ये गुजरातेतल्या एका कोर्टात टोपी घालून आलेल्या वकिलाला न्यायाधीशानं बाहेर काढलं. तो पुन्हा तीच टोपी घालून आला तेव्हा त्याला बेअदबीबद्दल २०० रुपये दंड झाला. तेव्हाचे २०० रुपये.

कोर्टाचा राग समजून घ्यायचा तर मघाची पगडी आठवा. डोकं झाकलेलं होतं, म्हणजे नियम पाळला होता. पण ज्या कापडानं झाकलं होतं त्यात 'मी माझ्या जागेवर आहे' हा मजकूर नव्हता.

आणि मग १९३० चं सोलापूर. हा भाग माझ्या घरापर्यंत येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव. ५ मे १९३० च्या पहाटेआधी गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, लोक चिडले, पोलीस चौक्या आणि कोर्टाची इमारत जळाली. सरकारी अंमल शहरातून जवळजवळ उठला आणि काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रहदारीपासून बंदोबस्तापर्यंत सगळं सांभाळलं. १२ मेला लष्करी कायदा लागू झाला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. राष्ट्रध्वज जवळ बाळगल्याबद्दल शिक्षा झाल्या. गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणं म्हणजे मार खायची तयारी ठेवणं. शिपाई दिसेल त्याच्या डोक्यावरची टोपी काढायचे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. सोलापुरात चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. ती नावं मला पाठ होती, पण तो रस्ता टोपीचाही आहे हे माहीत नव्हतं.

आबांचे वडील तेव्हा गिरणीत होते. आबा सांगायचे, लष्कराच्या त्या दिवसांत त्यांचे वडील कामावर जाताना टोपी घडी करून सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवायचे. गिरणीच्या फाटकातून आत गेले की घालायचे. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली असेल आणि शंभरदा दुर्लक्ष केलं असेल. घडी घालून खिशात ठेवता यावी हा गांधीजींचा मुद्दा वाचला तेव्हा ती परत आठवली.

आबांच्या घरात टोपी 'काढणं' या क्रियापदाला म्हणून एक वेगळं वजन होतं. ते झोपताना टोपी काढायचे, अंघोळीला काढायचे. बाकी नाही. दोन टोप्या होत्या, एक अंगावर, एक दोरीवर. नीळ घातलेल्या पाण्यातून काढायची, अर्धवट वाळली की पितळी तांब्यात निखारे घालून त्यानं दाबायची. घरात इस्त्री आल्यावरही तांब्याच.

मी पुण्यात नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी ऑफिसात फॅमिली डे होता. आई-पप्पांबरोबर आबा आले. काचेची इमारत, लिफ्ट, सगळीकडे टी-शर्टातली पोरं. पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना मी आबांना म्हणालो, "आबा, टोपी राहू द्या ना गाडीत. आत एसी आहे."

एसीचा आणि टोपीचा काय संबंध होता मला माहीत नाही. आबांना होता तेवढा कळला. काही बोलले नाहीत. टोपी काढली, नीट घडी घातली आणि डॅशबोर्डवर ठेवली. नंतरचे तीन तास ते मधूनमधून डोक्यावरून हात फिरवत होते. त्या दिवसाचा ग्रुप फोटो माझ्याकडे आहे. त्यात त्यांचं कपाळ वरच्या अर्ध्यात गोरं आणि खाली रापलेलं दिसतं, मध्ये सरळ रेघ.

टोपीवाले

त्या पार्किंगमध्ये मला नेमकी कशाची लाज वाटली याचा विचार करताना इतिहासाचा पुढचा भाग लागतो.

स्वातंत्र्यानंतर टोपी सत्तेत गेली. जिच्यासाठी दंड भरला ती आता मंत्र्याच्या डोक्यावर होती. यात सुरुवातीला काही वाईट नव्हतं. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील ही माणसं चळवळीतून आली होती. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून पळालेल्या वसंतदादांच्या डोक्यावर टोपी शोभणारच. सहकारी साखर कारखाने उभे राहिले, शेतकऱ्याचं पोरगं चेअरमन झालं आणि टोपी हा ग्रामीण महाराष्ट्राचा पोशाख झाला.

पण शिडी चढून वर गेलेल्यांनी ती शिडी स्वतःच्या वाड्यात नेऊन ठेवली. सत्तरच्या दशकात जब्बार पटेलांचा 'सामना' आला, पुढे 'सिंहासन'. 'सामना'तला निळू फुले यांचा साखरसम्राट आठवा. तोवर पांढरी टोपी दिसली की प्रेक्षक सावध व्हायला शिकले होते. गंमत म्हणजे खुद्द निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाचे, म्हणजे टोपीच्या मूळ अर्थाच्या जवळचे. मराठीत 'टोपी घालणं' म्हणजे फसवणं, 'टोपी फिरवणं' म्हणजे पक्ष बदलणं. ज्या कापडाचा मुद्दा मळ दिसावा हा होता, ते मळ झाकायच्या कामी आलं. मग नव्वदीनंतरच्या पुढाऱ्यांनी तीही सोडली. बोडकं डोकं, पांढरा शर्ट, गॉगल. टोपी उरली ती गावातल्या म्हाताऱ्यांकडे. माझ्या पिढीनं टोपी पाहिली ती या दोनच ठिकाणी, सिनेमातला खलनायक आणि एसटीच्या खिडकीतला म्हातारा. मला पार्किंगमध्ये दुसऱ्याची लाज वाटली. पहिल्याची वाटली असती तर निदान काही तत्त्व तरी असतं.

टोपीला शिव्या देणारे सगळेच माझ्यासारखे नव्हते, हेही सांगायला हवं. माझ्या रूममेटच्या घरी गांधी टोपी हा विषयच नव्हता. त्याच्या आजोबांनी गाव सोडून मुंबईची गिरणी गाठली तेव्हा टोपीही गावातच सोडली. घरात बाबासाहेबांचा फोटो, सूटमधला. तो म्हणाला, "तुमच्या टोपीनं जात झाकली म्हणतोस, पण पाणवठ्यावर झाकली का?" डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आंबेडकरांनी बायकांना सांगितलं होतं की तुमची जात ओळखू येईल असे कपडे आणि दागिने टाकून द्या. म्हणजे ओळख पुसण्याचा विचार त्यांचाही होता, पण साधेपणा स्वीकारून नव्हे. ज्याच्यावर साधेपणा पिढ्यान्‌पिढ्या लादला गेला त्याला त्यागाचा पोशाख कशाला हवा? मला याचं उत्तर देता आलं नाही. आणि रूममेटनं विचारला नाही असा अजून एक प्रश्न आहे. आजीचं डोकंही आयुष्यभर पदरानं झाकलेलंच होतं. त्या पदराची चळवळ झाली नाही आणि तिच्या दहाव्याला टोप्या आल्या त्याही पप्पांसाठीच.

टोपीवर लिवायला लागतंय व्हय?

२०११ मध्ये मी शाळेत होतो. राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले आणि ऑगस्टमध्ये रामलीला मैदान टोप्यांनी भरून गेलं. 'मैं अण्णा हूँ'. आमच्या वर्गातही टोप्या आल्या. मी एक घालून घरी गेलो. वाटलं, आबा खूश होतील.

आबांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. कापड खादीचं नव्हतंच, पातळ, खरखरीत. त्यांनी विचारलं, "टोपीवर लिवायला लागतंय व्हय?"

तेव्हा आम्ही हसलो. आता वाटतं, त्यांनी मुद्द्यावरच बोट ठेवलं होतं. १९३० च्या सोलापुरात कोऱ्या टोपीवर काय लिहिलंय हे शिपायालाही वाचता येत होतं. २०११ मध्ये ते छापावं लागलं. त्यानंतर आम आदमी पक्षाची टोपी आली, मग ज्याला त्याला आपापल्या रंगाची, आपापल्या घोषणेची टोपी लागली. मोर्चा संपला की त्या रस्त्यावर पडलेल्या दिसतात.

कोरी टोपी अजून आहे, पण ती चळवळीत नाही. ती मुंबईत चर्चगेटच्या गर्दीत डबेवाल्यांच्या डोक्यावर आहे. ती आषाढी वारीसाठी आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांच्या डोक्यावर आहे. आणि ती आमच्यासारख्यांच्या ट्रंकेत आहे, दुखवट्याची वाट बघत.

मागच्या महिन्यात गावी गेलो तर आईनं ट्रंक उघडली. गल्लीतल्या एकाचे वडील गेले होते, टोपी न्यायची होती. मी गठ्ठ्यातून एक काढायला गेलो तर हाताला वेगळं कापड लागलं. मऊ, धुऊन धुऊन पातळ झालेलं. कडेला आतून पिवळसर रेघ. आबांची. घर आवरताना कुणीतरी चुकून सतरांच्या गठ्ठ्यात टाकली होती. मी पाहिली नसती तर कधीतरी ती कुणाच्या तरी डोक्यावर पाच मिनिटं बसून पुढच्या घरी गेली असती.

ती मी पुण्याला आणली. धुतली, नीळ जरा जास्तच झाली. तांब्यात निखारे घालायची सोय फ्लॅटमध्ये नाही, म्हणून इस्त्री फिरवली. घालून पाहिली, थोडी घट्ट होते. बाहेर अजून घालून गेलेलो नाही. सध्या ती गाडीत आहे, डॅशबोर्डवर.